शेजारची सीट

प्रिय बाबा,

पाकीट बघून दचकला असाल, म्हणून आधीच सांगते, सगळं ठीक आहे. आई बरी आहे, मी बरी आहे, दाराशी गाडी आहे. फोन करणार होते, पण तुम्ही हल्ली दोन वाक्यं झाली की "घे, काकूशी बोल" म्हणून फोन देऊन टाकता, आणि काकूशी बोलून झाल्यावर मला कशासाठी फोन केला होता तेच आठवत नाही. उद्या सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे हे पाकीट देणार आहे, तुमच्या त्या मिशीवाल्या दोस्ताकडे. पोस्टाच्या भरवशावर राहायला वेळ नाही. का नाही, ते पुढे लिहिते. डॉक्टर म्हणाले होते की समोरचं तुम्हाला स्वच्छ दिसतं, कडेचं दिसत नाही, म्हणून अक्षर मोठं काढलंय आणि ओळी सुट्या ठेवल्यात. काकांकडून वाचून घेऊ नका. वेळ लागला तरी चालेल, स्वतःच वाचा.

आज माझी सुट्टी. आई दुकानात पडदे शिवायला गेलीय. सकाळपासून मी कागद घेते, उठते, खिडकीशी जाते, पंखा लावते, बंद करते, परत बसते. शेजारच्या काकू डोकावून गेल्या, "परीक्षा आहे का गं कसली?" मी हो म्हणून टाकलं. तसं खोटंही नाही.

माझ्या नोकरीवरून तुम्ही नाराज आहात हे मला ठाऊक आहे. तोंडाने कधी म्हणाला नाहीत. उलट हसत हसतच म्हणालात, "एवढी पदवी घेतलीस आणि शेवटी क्लचवरच आलीस की, मास्तरीणबाई!" पण त्या दिवशी तुमचा चहा कपात तसाच राहिला. टॅक्सीत बसणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही आरशातून सांगायचात, "मुलगी शिक्षणशास्त्र शिकतेय. आमच्या घरातली पहिलीच." आणि मुलगी बसली कुठे, तर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. खरं तर शाळेत जागा निघेपर्यंत रस्त्याचे नियम आणि खुणा यांचा वर्ग घ्यायला म्हणूनच मी तिथे लागले होते. मग बायका येऊन म्हणायला लागल्या, शिकवायला बाई असेल तर आम्ही येऊ. मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी गाडी शिकले, शिकवण्याचा परवाना काढला, आणि बाबा, मला ते काम मनापासून आवडायला लागलं. मध्यंतरी शाळेत जागा निघाली होती. मी अर्जच केला नाही. आईलासुद्धा हे नुकतंच कळलंय.

नवीन कोणी आलं की मी पहिला प्रश्न विचारते, "गाडी का शिकायचीय?" मालक कपाळाला हात लावतात. "अहो मॅडम, गिऱ्हाईक आहे ते, आरोपी नाही!" पण मला विचारल्याशिवाय राहवत नाही. कॉलेजात मी माणसं का शिकतात यावर एक लांबलचक निबंध लिहिला होता. लहान मूल कुतूहलापोटी शिकतं, तरुण माणूस पुढे जाण्यासाठी शिकतो आणि मोठं माणूस जगायला उपयोग असेल तरच शिकतं, असं त्यात मी अगदी ठासून लिहिलं होतं. इथे आमच्याकडे एक बेकरीवाले येतात. चाळिशी उलटलेली, पोट स्टिअरिंगला टेकतंय. ते शिकताहेत मेव्हण्यासाठी. मेव्हणा एका लग्नात चारचौघांत म्हणाला, "दाजी, तुम्ही मागे बसा. तुम्हाला फक्त पाव फुगवता येतात." तेव्हापासून हे गृहस्थ पहाटेची भट्टी उरकून, भुवयांवर पीठ तसंच, रोज वेळेच्या आधी हजर. गाडी मागे घेताना ओठ आवळून पुटपुटतात, "पाव काय! पाव काय रे!" निव्वळ खुन्नस, आणि माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी तोच. माझ्या निबंधात खुन्नस हा शब्द कुठेच नव्हता.

एक कॉलेजची मुलगी होती. तिला गाडी शिकायची नव्हती, शिकून झालेली हवी होती. परीक्षा पास झाली, स्टिअरिंगवर हात ठेवून मैत्रिणींना व्हिडिओ पाठवला आणि त्यानंतर गाडीला शिवलीसुद्धा नाही. आणि एक निवृत्त नर्सबाई आहेत. उत्तम चालवतात, पण परीक्षेचं नाव काढलं की गुडघा दुखतो. मी एकदा खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पास झाले की तुम्ही मला हाकलणार. मग मंगळवारी मी कुणाशी बोलू?" ह्या माणसांना मी माझ्या निबंधात कुठे बसवू? तुम्हाला तरी कुठे बसवू? ट्रकवर क्लीनर असताना तुम्ही गाडी शिकलात ती पुढे जाण्याबिढण्यासाठी नाही. तुम्हीच सांगायचात, "मागे मालावर झोपून अंग ठेचून निघायचं. पुढची गादी मऊ होती."

आणि मी का शिकले, असंही हल्ली मनात येतं. मला वाटायचं, ज्ञानाची आवड. पण पदवी मिळाली त्या दिवशी फोटो काढून झाला, घरी आलो, तुम्ही ते प्रमाणपत्र भिंतीवर लावलंत आणि मला एकदम रिकामं रिकामं वाटलं. आता दाखवायचं काय आणि कुणाला? इतकी वर्षं मी टॅक्सीच्या आरशातल्या तुमच्या डोळ्यांसाठी शिकत होते. तक्रार नाही ही, बाबा. ते डोळे नसते तर मी दहावीच्या पुढे गेलेच नसते. पण परीक्षा संपल्यावर पुढचं पान स्वतःहून उलटायचं मला कुणी शिकवलं नव्हतं. ते मी आत्ता आत्ता शिकले, आणि कुणाकडून ते ऐकलंत तर हसाल. आईकडून.

हसू नका मात्र. आता मुख्य गोष्टीवर येते. 

डॉक्टरांच्या खोलीतल्या त्या दिवसाचा विषय आपण तिघांनीही पुन्हा कधी काढला नाही. डॉक्टरांनी विचारलं, "घरात चालताना कुठे धडकता का?" तुम्ही म्हणालात, "छे, छे." डॉक्टरांनी आईकडे बघितलं. आई हातातल्या पिशवीकडे बघत म्हणाली, "दाराच्या चौकटीला धडकतात. आणि परवा एक सायकलवाला थोडक्यात वाचला." एवढंच. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, गाडी चालवायची नाही. लायसन्स काही तिने हिसकावलं नाही, पण येताना आपण बसने आलो आणि तुम्ही सीट रिकामी असून दाराशी उभे राहिलात. घरी आल्यावर तिला म्हणालात, "डोळ्यांनी नाही, तू मला घरी बसवलंस." आणि मग हवापालटाला म्हणून काकांकडे गेलात, गाडीची किल्ली खिशात घालून. हवापालट अजून चालूच आहे. काकू सांगते, तुम्ही ओट्यावर बसून जाणाऱ्या गाड्या नुसत्या आवाजावरून ओळखता आणि काकांना म्हणता, "ह्याचा क्लच गेलाय, बघ." ऐकून मला हसू येतं, आणि मग हसू येत नाही.

तुम्ही गेल्यावर काही दिवस आई नुसती घर आणि दुकान करत होती. मग एका दुपारी दुकानातून परस्पर आमच्या स्कूलमध्ये आली. केसांत धागे, गळ्यात मोजपट्टी तशीच. मालकांना म्हणाली, "मला गाडी शिकायचीय. ही माझी मुलगी आहे, पण ओळख लावत नाही. नंबराने घ्या." मालक आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे असे काही बघायला लागले की काय सांगू. माझ्या खुर्चीसमोर बसली तेव्हा मी सवयीने विचारलं, "गाडी का शिकायचीय?" तिने डोळे वटारले. "तुला माहीत नाही?" मग हळू म्हणाली, "त्यांना डोळे दाखवायला न्यायला कुणीतरी हवं ना. तू तर दिवसभर इथे."

मी अर्ज तिच्यापुढे सरकवला. मनात म्हटलं, हे निबंधात बसतं.

सुरुवात चांगली झाली. शिवणाच्या मशीनमुळे तिचा पाय हलका आहे, ॲक्सिलरेटर तिला सांगावा लागला नाही. पण गाडी सारखी एका बाजूला ओढल्यासारखी जायची, माझ्या बाजूची चाकं फूटपाथला घासायची. मी सांगून दमले. "आई, मध्ये घे, मध्ये." ती म्हणायची, "मध्येच आहे की!" मला कळेना, बाईला दिसत नाही की काय, म्हणजे आता घरात दोघं. मग एकदा गाडी उभी करून मी तिच्याकडे नीट बघितलं तेव्हा लक्षात आलं. लग्न झाल्यापासून तिने रस्ता फक्त तुमच्या शेजारच्या सीटवरून पाहिलाय. रस्ता कसा दिसला म्हणजे बरोबर, हे तिच्या डोळ्यांत त्या जागेवरून पक्कं बसलंय. आता ड्रायव्हरच्या जागी बसूनही तो तसाच दिसावा म्हणून ती गाडी सरकवत राहायची. मी तिला काही दिवस नुसतं बंद गाडीत त्या जागेवर बसवलं, काच पुसून, समोर बघ म्हटलं. बसायची. एकदा म्हणाली, "इथून पुष्कळ दिसतं गं."

आमच्या गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो, तुम्हाला माहीत आहे. इतर कुणी शिकत असलं की मी तो फार क्वचित दाबते. आईच्या वेळी पाय सारखा तिकडे जायचा. एक दिवस चौकात तिने इंजिन बंद केलं आणि मागून भोंगे वाजत असताना मला म्हणाली, "पाय मागे घे. तुझा पाय हलला की मला माझं काही सुचत नाही." मी पाय सीटखाली दुमडून बसले. असं तिला कधी कुणाशी बोलताना मी ऐकलं नव्हतं. तुमच्याशी तर नाहीच.

पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. का, ते ऐका. चढावर गाडी थांबवून पुन्हा काढली, मागे घेऊन लावली, सगळं व्यवस्थित. परत येताना शेजारी बसलेल्या साहेबांनी नुसता सुस्कारा टाकला. उकाडा होता, टाकला असेल. आईने भर रस्त्यात ब्रेक दाबला आणि त्यांच्याकडे वळून विचारलं, "काय झालं? माझं काही चुकलं का?" साहेब उतरून मला म्हणाले, "अहो, बाईंना येतं सगळं. पण मी श्वास घ्यायचा की नाही?" स्कूलमध्ये सगळे पोट धरून हसले. बेकरीवाले तर रडेपर्यंत हसले. मीही हसले, पण घरी येताना माझं हसू ओसरलं. बाबा, तुम्ही सुस्कारा टाकलात की ही स्वयंपाकघरातून बाहेर येते, हे मी लहानपणापासून बघत आलेय. चहा हवाय, डोकं दुखतंय, कुणी भाड्यावरून हुज्जत घातली, हे सगळं ती त्या एका आवाजावरून ओळखायची. तुम्ही काकांच्या ओट्यावर बसून गाड्यांचं ओळखता ना, तसंच.

त्याच आठवड्यात काकूचा फोन आला की तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायची सोय तिकडेच झाली, तिचा मुलगा, आपला दादा, नेईल. म्हणजे आईचं शिकायचं कारणच संपलं. मी समजुतीने म्हटलं, "जाऊ दे आता, आई. तू प्रयत्न केलास हेच खूप." तिने मान हलवली. मला वाटलं, सुटली बिचारी. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर स्कूलच्या दारात बसून बुटांच्या नाड्या बांधतेय. मी विचारलं, "आता कशाला?" तिने दुसऱ्या बुटाची नाडी ओढून बांधली. मग तलावाकडच्या सरळ रस्त्यावर, दोन्ही बाजूंना कुणी नसताना, समोर बघतच बोलायला लागली. तुम्ही पाहुण्यांना नेहमी सांगता ना तो किस्सा, लग्नानंतर हौसेने हिला स्टिअरिंगवर बसवलं आणि हिने गाडी थेट शेजाऱ्यांच्या कुंड्यांवर घातली, "तेव्हापासून आमच्या घरात दोनच ड्रायव्हर, एक मी आणि एक देव!" सगळे हसतात, चहाचे कप गोळा करत आईही हसते. तो किस्सा मी इतक्यांदा ऐकलाय की मला पाठ आहे. पण आई म्हणाली, "कुंड्या फुटल्या त्या दिवशी मला फार मजा आली होती गं. गाडी माझ्या पायाने हलली होती. मी पुन्हा मागणार होते. पण संध्याकाळी पाहुणे आले, यांनी सगळ्यांना सांगितलं, सगळे हसले, आणि मग मागायचं राहूनच गेलं." एवढं बोलून तिने गिअर बदलला, आवाजही न करता.

तेव्हापासून मला चैन नाही. म्हणजे ती तुमच्यासाठी शिकायला आली हे खरंच, त्यात खोट नाही. पण तुमच्यासाठीचं कारण संपल्यावर ती थांबली नाही, कारण त्याच्या खाली आणखी एक कारण इतकी वर्षं गप्प बसून होतं. मी माणसांना दारातच "का" विचारते आणि मिळेल ते उत्तर खरं मानते. आता वाटतं, हा प्रश्न दारात विचारायचाच नाही. नापास झाल्यावर जो परत येतो, त्याला विचारायचा. त्यालाही लगेच सांगता येईलच असं नाही.

दुसऱ्या वेळी ती पास झाली. साहेब या वेळी श्वास रोखून बसले होते, असं ते स्वतःच म्हणाले. लायसन्स तिच्या पर्समध्ये असतं, दुकानात कापड मोजता मोजता मध्येच काढून बघते, असं तिच्या मालकीणबाईंनी मला सांगितलं. तुम्ही फोनवर विचारता, "गाडीवर कव्हर आहे ना?" ती म्हणते, "आहे की." तुम्ही विचारता तेव्हा असतंच. सकाळी दुकानाच्या आधी ती ते काढते, कपाटातली दुसरी किल्ली घेऊन तलावापर्यंत जाऊन येते, आणि आल्यावर कव्हर असं घालते की एक सुरकुती दिसू नये. गाडीला ओरखडा नाही, मी रोज भोवती फिरून बघते. बॅटरी उत्तम आहे. उभ्या गाडीच्या बॅटरीचं काय झालं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता का लिहिलं ते. येत्या रविवारी आई गाडी घेऊन तुमच्याकडे येतेय. पुलावरून, घाटातून, सगळा रस्ता ती चालवणार आहे, मी मागे बसणार आहे. तिला वाटतंय, तुम्ही ओट्यावरून आपल्या गाडीचा आवाज ओळखाल, उठून याल, तिला बघाल आणि हरखून जाल. मला तिने शपथ घातलीय की तुम्हाला कळता कामा नये. ती शपथ मी मोडतेय, कारण तुम्ही कसे बघाल ते मला माहीत आहे. तुम्हाला वाटेल, आधी हिने माझं लायसन्स घालवलं आणि आता गाडीही घेतली. आणि काका-काकूंसमोर, दादासमोर तुमच्या तोंडून जे पहिलं वाक्य बाहेर पडेल, ते हसण्यावारी असलं तरी, ती पुन्हा उभा जन्म स्टिअरिंगला हात लावणार नाही. म्हणून, बाबा, ते पहिलं वाक्य आत्ताच बोलून टाका. ओट्यावर एकटे असताना, मोठ्याने, मला उद्देशून, काय शिव्या द्यायच्या त्या द्या. दुसरं, तिसरं, जेवढी असतील तेवढी वाक्यं रविवारच्या आत संपवा. ती आली की काकांच्या दारातली जागा अरुंद आहे, गाडी लावायला तिला वेळ लागेल, पुढे-मागे करावी लागेल. तेवढा वेळ आत थांबा, हात हलवत बाहेर येऊ नका. इंजिन बंद झालं की या. आमच्याबरोबर घरी यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही आलात तर ती गाडी घेऊन परत जाईल, तिला आता रस्ता येतो. पण तुम्ही रात्रीबेरात्री लांबच्या भाड्यावरून आलात की ती दार उघडून सगळ्यात आधी जे विचारायची, तेवढं एकदा तिला विचारा. रस्ता कसा होता?

तुमचीच,
मागच्या सीटवरची